दिसलं म्हणून उचललं, असं चालत नाही: खोट्या मेसेजांच्या अभ्यासातली पथ्यं

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजार भरला होता. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं 'पोरं पळवणारी टोळी' समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठार मारलं. आधीचे कित्येक दिवस त्या भागात व्हॉट्सअ‍ॅपवर मुलं पळवणाऱ्यांचे मेसेज फिरत होते. त्या उन्हाळ्यात देशभर फिरलेल्या क्लिपांपैकी एक तर कराचीत बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी बनवलेल्या फिल्मची निघाली. मूळ फिल्ममध्ये मोटरसायकलवरचे दोघं उचललेलं मूल परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. फिरणाऱ्या क्लिपमधून नेमका तो शेवट कापला होता.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. असे मेसेज येतात कुठून, पसरवतं कोण, लोक विश्वास का ठेवतात, हा रीतसर अभ्यासाचाही विषय झाला. आज पत्रकारितेचे विद्यार्थी, फॅक्ट-चेक करणारे, आरोग्य खात्यासाठी काम करणाऱ्या संस्था असे बरेच जण तो करतात. कच्चा माल फुकट मिळतो: फेसबुकची सार्वजनिक पानं, यूट्यूबखालच्या कॉमेंट, टेलिग्राम चॅनेल, लिंकवर बोट ठेवलं की आत घेणारे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. कुठलंही कुलूप फोडावं लागत नाही. मग परवानगी कसली आणि नीती कसली, असं कुणालाही वाटेल.

## 'उघडं' आणि 'उघडं' यात फरक

आधी दोन शब्द ठरवून घेऊ. खरी समजून भाबडेपणानं पुढे ढकललेली ती चुकीची माहिती. खोटी आहे हे ठाऊक असून मुद्दाम सोडलेला तो अपप्रचार. मजकूर तोच असू शकतो, फरक पाठवणाऱ्याच्या हेतूत असतो. आणि हेतू स्क्रीनवर दिसत नाही. पुढची बरीचशी गुंतागुंत इथूनच निघते.

आता 'सार्वजनिक' या शब्दाकडे. आमदाराच्या फेसबुक पानावरचं भाषण सार्वजनिक आहे. अंगणवाडी सेविकेनं 'पब्लिक' सेटिंग न बदलता टाकलेली पोस्टही सार्वजनिक आहे. 'गावकरी मित्रमंडळ' या ग्रुपची लिंक कुणीतरी फेसबुकवर टाकली, तर तोही तांत्रिकदृष्ट्या सार्वजनिक झाला. पण या तिघांनी बोलताना डोळ्यासमोर धरलेला श्रोता एकच नाही. एसटीत शेजारच्या बाकावरच्या दोघी सुनेबद्दल मोठ्यानं बोलत असतील तर ते सगळ्या गाडीला ऐकू जातं. म्हणून कुणी ते रेकॉर्ड करून, गाडी नंबर आणि सीट नंबरसकट वर्तमानपत्रात छापलं, तर 'गाडी सार्वजनिकच होती' हे उत्तर कुणाला पटेल?

अमेरिकेतल्या तत्त्वज्ञ हेलन निसेनबॉम यांनी २००४ साली हीच गोष्ट सिद्धान्ताच्या रूपात मांडली. माहिती ज्या संदर्भात दिली गेली, त्या संदर्भाचे काही अलिखित नियम असतात. तिथून उचलून ती दुसरीकडे नेली आणि ते नियम मोडले, तर खासगीपणाचा भंग होतो, मग मूळ ठिकाणी कुलूप असो वा नसो. अभ्यासकानं म्हणून 'हे कुणालाही दिसतं का?' एवढ्यावर थांबू नये. हे कुणासाठी बोललं गेलं होतं आणि मी ते दुसरीकडे नेल्यावर बोलणाऱ्याचं काय होईल, हे विचारावं. दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर मिळेपर्यंत डेटा गोळा करायला सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

## "पण तो डेटा आधीच सगळ्यांसमोर होता की!"

हे वाक्य या क्षेत्रात इतक्यांदा बोललं गेलंय की त्याचा स्वतंत्र इतिहास आहे.

२००८ साली हार्वर्डच्या संशोधकांनी एका अमेरिकी विद्यापीठातल्या एका वर्गाच्या सुमारे १,७०० विद्यार्थ्यांच्या फेसबुक प्रोफाइलचा संच इतर अभ्यासकांसाठी खुला केला. नावं काढली होती, विद्यापीठाचं नावही दिलं नव्हतं. मायकेल झिमर या अभ्यासकानं विद्यार्थ्यांचा मूळ डेटा उघडलाही नाही. त्यासोबतच्या माहितीपुस्तिकेत अभ्यासक्रमांची यादी होती, वर्गाचा आकार होता, संशोधकांच्या जाहीर बोलण्यात वसतिगृहाच्या व्यवस्थेचा उल्लेख होता. एवढ्यावरून ते विद्यापीठ हार्वर्डच आहे हे त्यानं सांगितलं. एकदा कॉलेज कळलं की अमुक देशाची, अमुक विषयाची एकुलती एक विद्यार्थिनी कोण, हे वर्गातला कुणीही सांगेल. शिवाय डेटा जमवायला त्याच विद्यापीठातले सहायक लावले होते, म्हणजे जे फक्त 'आपल्या कॉलेजवाल्यांना' दिसावं असं मुलांनी ठरवलं होतं, तेही त्यात आलं असण्याची शक्यता होती.

२०१६ मध्ये डेन्मार्कच्या एका विद्यार्थ्यानं डेटिंग साइटवरच्या सुमारे ७०,००० लोकांची माहिती, टोपणनावं आणि लैंगिक आवडीनिवडींसकट, सरळ इंटरनेटवर ठेवली. आक्षेप आल्यावर उत्तर तेच: आधीच सार्वजनिक होतं. पण एकेक प्रोफाइल शोधत बसणं वेगळं आणि ७०,००० माणसांची एक्सेल फाइल हातात असणं वेगळं. विखुरलेल्या माहितीला जो आपोआप आडोसा मिळत होता, तो ती एकत्र केल्यावर नाहीसा होतो.

## "कायदा तर सूट देतो"

देतो, पण वाटते तितकी नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं कलम ३ सांगतं की माणसानं स्वतःहून सार्वजनिक केलेल्या वैयक्तिक माहितीला हा कायदा लागू नाही. कलम १७ मध्ये संशोधनासाठीही सवलत आहे: त्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीबद्दल काही निर्णय घेतला जाणार नसेल आणि ठरवून दिलेले निकष पाळले जाणार असतील, तर.

पहिल्या वाक्यातला 'स्वतःहून' हा शब्द अभ्यासक सर्रास ओलांडून जातात. खोट्या मेसेजमध्ये ज्याचा फोटो असतो, त्यानं तो तिथे टाकलेला नसतो. 'हीच ती मुलं पळवणारी बाई' म्हणून ज्या बाईचा फोटो फिरतो, तिनं काहीच सार्वजनिक केलेलं नसतं. तिच्यावर ते लादलेलं असतं. म्हणजे या विषयात सगळ्यात जास्त इजा झालेला माणूसच नेमका त्या सवलतीच्या बाहेर राहतो. त्याचा चेहरा, गाव, आडनाव हे सगळं पूर्ण झाकूनच वापरायचं.

काही मजकूर तर साठवणंच धोक्याचं. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. 'ही बातमी खोटी आहे' असं सांगताना केली तरी ओळख ती ओळखच. लहान मुलांचं लैंगिक चित्रण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली डाउनलोड करणंसुद्धा गुन्ह्यात मोडतं. 'अभ्यासासाठी घेतलं होतं' या उत्तरावर विसंबू नये. असं काही समोर आलं तर सेव्ह करायचं नाही, पुढे पाठवायचं नाही, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करायची आणि नोंदवहीत फक्त तारीख व तक्रार क्रमांक लिहायचा.

कायद्यापलीकडे संशोधनाची नीती तपासणाऱ्या नैतिक समितीची मंजुरी असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वैद्यकीय आणि आरोग्यविषयक संशोधनासाठी आहेत, त्यामुळे लसीबद्दलच्या अफवांचा अभ्यास त्यांच्या कक्षेत येऊ शकतो. निवडणुकीतल्या अफवांचा अभ्यास करणाऱ्या माध्यम विभागाला मात्र बहुतेकदा विचारणारंच कुणी नसतं. त्यांना मुंबईच्या 'सेहत' संस्थेच्या पुढाकारानं २००० साली झालेली, आरोग्यावरच्या समाजशास्त्रीय संशोधनाची तत्त्वं उपयोगी पडतील. व्हॉट्सअ‍ॅप तेव्हा जन्मलं नव्हतं, पण अपाय करू नये आणि माणसाच्या इच्छेला मान द्यावा, याला फोनचं मॉडेल आड येत नाही.

## "नावं काढून टाकली की झालं"

इथे सगळ्यात जास्त गफलत होते, म्हणून जरा थांबून बघू.

समजा, शोधनिबंधात एका पोस्टचं वाक्य जसंच्या तसं अवतरणात दिलं आणि नाव दिलं नाही. ते वाक्य अवतरणचिन्हांत घालून सर्च केलं की बहुतेकदा मूळ पोस्ट सापडते. ट्विटरवर आधारित आरोग्यविषयक निबंधांची अशी तपासणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या ७२ टक्के निबंधांत किमान एक ट्वीट जसंच्या तसं दिलं होतं, आणि असा मजकूर शोधल्यावर ८४ टक्के वेळा लिहिणारा माणूस सापडला. मराठीत हे आणखी सोपं होतं, कारण शोधायचा ढीगच लहान. त्यात पोस्ट अहिराणीत किंवा मालवणीत असेल, तर वाक्याच्या वळणावरून तालुका ओळखणारे वाचक आहेत.

उपाय म्हणजे साध्या माणसाचं वाक्य आपल्या शब्दांत लिहायचं, आणि लिहून झाल्यावर आपलंच वाक्य सर्च करून बघायचं. मूळ पोस्ट वर आली तर पुन्हा बदलायचं. मराठीत क्रियापदावरून बाई की पुरुष तेही कळतं, त्याची गरज नसेल तर रचनाच बदलायची. अफवेचे नेमके शब्द अभ्यासाला लागत असतील, तर शेकडो ठिकाणी कॉपी-पेस्ट होऊन फिरलेला मजकूर जसाच्या तसा द्यायला हरकत नाही, कारण तो एका कुणाचा राहिलेला नसतो. मात्र त्याच्या वर एखाद्यानं स्वतःच्या हातानं घातलेली 'आपल्या आळीतल्या सगळ्यांनी वाचा' ही ओळ गाळायची.

आता फोन नंबर. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात पाठवणाऱ्याची ओळख म्हणजे त्याचा नंबर. अभ्यासक सांगतात, 'आम्ही नंबर ठेवले नाहीत, हॅश केले.' हॅशिंग म्हणजे नंबरचं गणितानं एका लांबलचक अक्षरमालेत रूपांतर करणं. त्या मालेवरून उलटं नंबरकडे जाता येत नाही. ऐकायला भक्कम वाटतं. पण भारतातला मोबाइल नंबर दहा अंकी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होतो. म्हणजे सगळे मिळून शक्य नंबर ४०० कोटी. संगणकाला हा आकडा किरकोळ आहे. सगळ्या ४०० कोटींचे हॅश काढून यादी करायची आणि तुमच्या फाइलमधल्या मालेशी जुळवायची, हे चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनवर मिनिटांचं काम. म्हणून नंबरसोबत एक लांब गुप्त किल्ली मिसळून हॅश करायचं, किल्ली डेटापासून वेगळ्या ठिकाणी ठेवायची आणि काम संपलं की नष्ट करायची. किल्ली नष्ट झाल्याशिवाय 'निनावी' हा शब्द वापरू नये. मेसेज किती हातांतून गेला एवढंच मोजायचं असेल, तर नंबरऐवजी दर ग्रुपात १, २, ३ असे क्रमांक दिलेले उत्तम.

स्क्रीनशॉट हा तिसरा चोर. वरचं ग्रुपचं नाव झाकतात आणि त्याखालची सदस्यांच्या नावांची बारीक ओळ राहून जाते. पाठवणाऱ्याचा नंबर झाकतात, पण त्याला दिलेल्या उत्तराच्या चौकटीत तोच नंबर पुन्हा असतो. 'अमुक नंबर लिंकवरून सामील झाला' ही करड्या रंगाची सूचना तर कुणाच्या लक्षातच येत नाही. धूसर करणंही पुरत नाही: अंक दहाच, त्यांचे आकार ठरलेले, त्यामुळे चौकोनी ठिपके केलेला नंबर जुळवून काढता येतो. पूर्ण काळी पट्टी मारायची आणि नंतर त्या चित्राचा पुन्हा स्क्रीनशॉट घ्यायचा. पीडीएफमध्ये नुसती पट्टी ठेवली तर खालचा मजकूर सिलेक्ट करून कॉपी होतो. भल्याभल्या कार्यालयांची अशी फजिती झाली आहे.

आणि अभ्यासाचा फोन वेगळा ठेवावा. ग्रुपातली चित्रं आपोआप गॅलरीत उतरतात, गॅलरी क्लाउडवर जाते, आणि घरच्या सामायिक अल्बममध्ये सत्यनारायणाच्या फोटोंशेजारी मृतदेहाचं चित्र येऊन बसतं. 'मीडिया ऑटो-डाउनलोड' आणि बॅकअप हे दोन्ही पहिल्याच दिवशी बंद करायचे.

## "सांगून गेलो तर लोक सावध होतील"

खरं आहे, होतील. तरीही गुपचूप बसण्याला सीमा आहे. लिंक जाहीर असलेल्या, शेकडो सदस्यांच्या राजकीय ग्रुपात प्रत्येकाची संमती घेणं शक्य नसतं. भारतातल्या अशाच ग्रुपांतल्या चित्रांचा किरण गरिमेला आणि डीन एकल्स यांचा अभ्यास २०२० मध्ये आला. तपासलेल्या चित्रांपैकी सुमारे १३ टक्के दिशाभूल करणारी निघाली. असं काम समाजाच्या उपयोगाचं आहे. पण हा १३ टक्क्यांचा आकडा बाहेरच्याला शिरता येणाऱ्या राजकीय ग्रुपांचा आहे. 'व्हॉट्सअ‍ॅपवरचं १३ टक्के खोटं' असं मथळ्यात लिहिलं की आपणच एक चुकीची माहिती बाजारात सोडली.

व्यवहारात चार गोष्टी पाळता येतात. खोटं नाव किंवा दुसऱ्याचा फोटो लावायचा नाही. प्रोफाइलच्या 'अबाउट'मध्ये संशोधक असल्याचं लिहायचं. ग्रुपात काही टाकायचं नाही, अंगठासुद्धा नाही. कुणी 'तुम्ही कोण?' विचारलं तर खरं सांगायचं आणि जा म्हटलं तर निघायचं, त्या ग्रुपाचा डेटाही वगळायचा. सोसायटी, भावकी, आजाराचे रुग्ण, बचत गट अशा ग्रुपांत, लिंक कुठेही सापडली तरी, ॲडमिनला विचारल्याशिवाय शिरायचं नाही.

पसरतं कसं ते बघायला स्वतःच एक खोटा मेसेज सोडून देण्याचा मोह कधीकधी होतो. त्याला थेट नाही. फेसबुकनं जानेवारी २०१२ मध्ये आठवडाभर ६,८९,००३ लोकांच्या फीडमधला आनंदी-दुःखी मजकूर कमी-जास्त करून पाहिला होता. २०१४ मध्ये तो निबंध आल्यावर प्रसिद्ध करणाऱ्या नियतकालिकालाच संमतीच्या मुद्द्यावर चिंता व्यक्त करणारी टीप जोडावी लागली.

## "खोटं दाखवल्याशिवाय खोटं सांगणार कसं?"

दाखवावं लागतंच, पण किती आणि कसं ते महत्त्वाचं. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली की फक्त मथळा आणि फोटो दिसतो. 'तालुक्यात मुलं पळवणारी टोळी?' असा प्रश्नार्थक मथळा दिला, तर आत काहीही लिहिलेलं असो, ती अफवाच पुढे जाते. मथळ्यात खरी गोष्ट हवी: 'तो व्हिडिओ कराचीतल्या जनजागृतीचा'. चित्रावर 'खोटं' हा शिक्का कोपऱ्यात मारला तर कापला जातो; तो मधोमध, आडवा मारायचा. मूळ पोस्टची चालू लिंक द्यायची नाही, तिथे जाणारा प्रत्येक वाचक तिची पोहोच वाढवतो. आणि अफवा एकदाच सांगायची, आधी आणि नंतर खरी माहिती.

त्याहून आधीचा निर्णय म्हणजे सांगायचं की नाही. दोनच ग्रुपांत दिसलेली अफवा राज्यभर छापून खोडली, तर ती ज्यांना ठाऊक नव्हती त्यांनाही कळली.

याला एक अपवाद, आणि तो राईनपाड्याचा आहे. ग्रुप न्याहाळताना 'अमक्या बाजारात चौघे संशयित दिसलेत, सगळे या' असा मेसेज आला, तर अभ्यासक बघत बसू शकत नाही. त्या क्षणी गोपनीयतेचा विचार करत बसलं तर उशीर होतो, म्हणून निर्णय आधीच लिहून ठेवायचा. ठिकाण, वेळ आणि लक्ष्य या तीनपैकी दोन गोष्टी मेसेजमध्ये असतील तर ११२ ला फोन, सोबत त्या तालुक्याच्या पोलीस ठाण्याला. फोन कोण करणार, रात्री अकराला कोण करणार, हेही ठरलेलं हवं. देताना मजकूर आणि ठिकाण द्यायचं. सगळ्या सदस्यांची यादी कुणी मागितली तर ती देण्याआधी संस्थेच्या वकिलाला विचारायचं.

## "खोटं पसरवणाऱ्याची कसली काळजी?"

आक्षेप स्वाभाविक आहे. पण पुढे ढकलणाऱ्यांत घाबरलेली आई असते, मुलाला जपा म्हणून बहिणीला पाठवणारा मामा असतो. त्यांना अपप्रचार करणाऱ्याच्या रांगेत उभं करणं अन्याय आहे, आणि हेतू स्क्रीनवर दिसत नाही हे आपण सुरुवातीलाच पाहिलं. २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटानंतर इंटरनेटवरच्या हौशी शोधकांनी फोटो जुळवून एका बेपत्ता विद्यार्थ्याला संशयित ठरवलं. त्याचा स्फोटाशी काहीही संबंध नव्हता. कुटुंबाला मात्र त्या दिवसांत धमक्या आणि शिव्या झेलाव्या लागल्या.

म्हणून मोजपट्टी सत्तेची ठेवावी. लोकप्रतिनिधी, पक्षाचं अधिकृत खातं, पैसे घेऊन चालणारं पान, लाखो अनुयायी असलेला चॅनेल यांचं नाव घ्यावं, शब्द जसेच्या तसे द्यावेत, आणि छापण्याआधी त्यांचं म्हणणं विचारावं. बाकीच्यांचं नाव अभ्यासाला लागतच नाही.

## पोस्ट डिलीट झाली तर?

साध्या माणसानं पोस्ट काढली म्हणजे त्यानं आपलं म्हणणं मागे घेतलं. आपल्या फाइलमधूनही ती जायला हवी. ट्विटरच्या अभ्यासात पूर्वी यासाठी सोयीची पद्धत होती: संच देताना मजकूर न देता फक्त ट्वीटचे क्रमांक द्यायचे, घेणाऱ्यानं ते पुन्हा उघडले की डिलीट झालेले आपोआप गळून जायचे. मंत्र्यानं डिलीट केलेलं ट्वीट मात्र जपायचं, ते सार्वजनिक नोंदीचा भाग आहे.

अडचण अशी की नीट काम करायची दारं बंद होत चालली आहेत. ट्विटरनं २०२३ मध्ये संशोधकांची मोफत सोय काढली. फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या सार्वजनिक पोस्ट शोधायचं क्राउडटँगल हे साधन फेसबुकची मालक कंपनी मेटानं १४ ऑगस्ट २०२४ ला बंद केलं. युरोपात डिजिटल सर्व्हिसेस कायद्याच्या कलम ४० नं मोठ्या कंपन्यांना संशोधकांसाठी डेटा खुला करणं बंधनकारक केलंय. आपल्याकडे तशी तरतूद नाही. तेव्हा मराठी अफवांवर काम करणाऱ्याच्या हातात उरतं ते एक वेगळं सिमकार्ड आणि इकडून तिकडून जमवलेल्या ग्रुपांच्या लिंक. त्यात काय साठवलं, कुणाला दाखवलं आणि कुठल्या तारखेला पुसलं, याची नोंद तपासायला बाहेरचं कुणी येत नाही. ती तारीख पहिल्या ग्रुपात शिरण्याआधी कागदावर लिहावी आणि कागद मार्गदर्शकाकडे द्यावा.